घोरपडे साहेबांचा फोन

प्रिय रुचिताताई,

मी बाबांना अटक केली. खरी नाही, ती डिजिटलवाली. सीबीआयचा साहेब बनून फोन केला. करायला नको होतं, मला माहितेय. ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत आत जाता येतं, हेही आता कचेरीत जाऊन वकिलाला विचारून आलोय. पण हसायच्या किंवा शिव्या घालायच्या आधी पुढचं वाच. कारण माझ्या खोट्या अटकेत बाबांनी एक खरा गुन्हा कबूल केला. सोसायटीतल्या अहिल्याकाकूंची बँकेतली ठेव त्यांनी मोडून वापरलीय. काकूंना अजून पत्ता नाही. बाबांनी स्वतः जाऊन लिहून दिलं नाही, तर काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन गेलं, आणि आज ना उद्या बाबा पण गेले, आत.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर मी जे बोलतो त्या सगळ्या थापा असतात, हे तुझ्याएवढं कुणाला माहितेय? प्रिन्सिपल मॅडमचा आवाज काढून तुला आठवडाभर घरी कोणी बसवलं होतं? म्हणून लिहितोय. एवढं घाण अक्षर काढून कुणी खोटं बोलत नसतं. शुद्धलेखन तपासत बसू नकोस. शाळेत सगळं हिंदी, आणि आईनं परातीतल्या पिठावर बोट फिरवून शिकवलं तेवढंच माझं मराठी.

सुरुवात बाबांच्याच भाषणापासून झाली. नवीन वर्ष लागलं आणि मराठी मंडळानं आपल्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये कार्यक्रम ठेवला, ज्येष्ठांनी सायबर ठगांपासून कसं वाचावं. वक्ते कोण, तर श्रीपाद निगुडकर, शाखा व्यवस्थापक. ब्लेझर घातला, त्याला बँकेचा बिल्ला लावला, आणि माइक हातात आल्यावर त्यांची मान कशी लांब होते तुला माहितेयच. म्हणाले, कुठलाही सरकारी अधिकारी फोनवर अटक करत नाही, हे पाठ करून ठेवा. फसतात कोण? ज्यांचं सामान्यज्ञान कच्चं असतं ते. मी तेव्हा प्रोजेक्टरची वायर धरून उभा होतो, कारण सोडली की पडदा निळा व्हायचा. माझ्याकडे हात करून म्हणाले, "आता उदाहरणार्थ आमचे चिरंजीव. बारावीला दोनदा बसले, ते अजून बसूनच आहेत." सगळे हसले. ज्यांचे पासवर्ड मी कागदावर लिहून देतो ते म्हातारे सुद्धा हसले. फक्त अहिल्याकाकू वॉकरवर हात ठेवून मोठ्यानं म्हणाल्या, "श्रीपाद, पुरे." मी वायर सोडून दिली. पडदा निळा झाला. पण तेवढ्यानं माझं समाधान होतं का यार?

पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर बाबा आतल्या खोलीत आडवे झाले, आई खाली भाजी आणायला गेली, आणि मी गच्चीवर टाकीच्या आडोशाला. मोंटीकडचं एक जास्तीचं सिम घेतलं होतं. मोंटी त्यागी म्हणजे ज्याच्या मोबाइलच्या दुकानात मी काम करतो तो, बाबा ज्याला 'तो पंक्चरवाला' म्हणतात. आवाज जाड यावा म्हणून आईचा स्टीलचा ग्लास घेतला. ग्लासात तोंड घालून बोललं की माणूस एकदम मोठ्या ऑफिसातून बोलल्यासारखा वाटतो, ट्राय करून बघ. ओळखतील ही भीती नव्हतीच. बावीस वर्षांत त्यांनी माझं काही ऐकूनच घेतलेलं नाही, आवाज ओळखणार कशावरून?

सुरुवातीला त्यांनी मला धुतलं, खोटं कशाला बोलू. मी आपला तो पार्सलवाला डायलॉग मारला, आपके नाम का पार्सल पकड़ा गया है वगैरे. तर म्हणाले, "मैं ब्रांच मैनेजर हूँ. यह धंधा किसी और के साथ करना. नंबर सायबर सेल को दे रहा हूँ." बिल्कुल भाषणातला आवाज. क्षणभर मला बरं वाटलं, की चला, निदान जे बोलतो ते करतो तरी हा माणूस. ते फोन ठेवणार तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, ऐकून तर घ्या." घरातल्यासारखं. मी जीभ चावली. पण त्यांनी फोन ठेवला नाही.

तू पण इथंच वाढलीस, तुला काय सांगायचं. दिल्लीतला मराठी माणूस हिंदीत वाघ असतो. भाजीवाला, ऑटोवाला, हवालदार, कुणाला घाबरत नाही. पण समोरचा मराठी निघाला की खलास. मेट्रोत एक अनोळखी गृहस्थ मराठीत फोनवर बोलताना दिसले, तर बाबांनी आपल्या वैशाली स्टेशनपासून राजीव चौकपर्यंत त्यांना स्वतःच्या मूळव्याधीची सगळी हकीकत सांगितली होती, आठवतं? तू दुसऱ्या डब्यात पळाली होतीस. हिंदीत आपण व्यवहार करतो आणि मराठीत कपडे काढतो.

"आपण… मराठी?" बाबा म्हणाले. मी म्हटलं, हो. "मूळचे कुठले?" आता काय सांगू? मग त्यांचीच बडबड कामाला आली. दरवर्षी संक्रांतीला मंडळाची बस पानिपतला, काला अंबला नेताना ते माइकवर सरदारांची नावं घेतात ना, त्यातलं जे तोंडात आलं ते ठोकलं. घोरपडे. मूळचे वडूजचे. तर म्हणाले, "अरे वा, आमची एक मावशी वडूजला दिलेली." ताई, आपल्याला वडूजला मावशी नाही. मावसकाका नाही, मांजर नाही. खोट्या साहेबासाठी खोटी मावशी पैदा केली त्यांनी.

मी आवाज आणखी जाड केला. म्हटलं, "निगुडकर, तुमच्या शाखेतल्या एका खात्याचं प्रकरण आहे." कसम से, मला काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं. त्या ठगांच्या व्हिडिओत असं म्हणतात म्हणून म्हटलं. मला वाटलं, आता चिडतील, घाम फुटेल, मग मी जिन्यावरून खाली जाऊन दारात उभा राहून म्हणेन, सामान्यज्ञान कसं आहे बाबा? पण कुठलं काय! मग एकदम खालच्या पट्टीत, "साहेब, अहिल्याबाई बर्व्यांची ठेव ना? मी भरणारच होतो हो."

टाकीवर बसलेलं माकड सुद्धा माझ्याकडे बघायला लागलं.

मग जे सुटले ते थांबेचनात. साहेब, तुम्ही आपल्यातले म्हणून सांगतो. साहेब, तुमच्यापासून काय लपवायचं. मी फक्त हं हं करत होतो आणि ग्लासात माझाच श्वास घुमत होता. काकूंना बँकेत यायला जमत नाही, गुडघे गेलेत, म्हणून बाबा कागद घरी घेऊन जायचे ना? सगळी सोसायटी कौतुक करायची, मॅनेजर असून दारात जातो. तर ते कोरे कागद असायचे. काकू म्हणायच्या, श्रीपाद, चष्मा नाही सापडत, तू दाखवशील तिथे करते सही. त्यातल्या एका सहीवर ठेव मुदतीआधी मोडली. काकूंकडे पावतीची झेरॉक्स ठेवली, ओरिजिनल म्हणे बँकेत सेफ असते. आणि दर महिन्याला व्याज म्हणून स्वतःच्या पगारातून थोडे थोडे त्यांच्या खात्यात टाकतात, म्हणजे त्यांना संशय नको. अहाहा, काय डोकं. हे डोकं असलेला माणूस मला बैल म्हणतो.

पुढचं ऐक. व्याज जमा झालं की काकू वॉकर ढकलत येतात आणि नारळाच्या वड्यांचा डबा देऊन जातात. श्रीपादचे उपकार आहेत म्हणून. तो डबा आपण सगळ्यांनी खाल्लाय. तू दिवाळीला आली होतीस तेव्हा पुण्याला पण नेलास. मी तर रोज चार खायचो. आता फ्रीज उघडला की मला तो डबा माझ्याकडे बघतोय असं वाटतं.

आणि काकूंनी दिवाळीनंतर विचारलं होतं, दोन्ही गुडघे बदलून घेते म्हणते, ठेव मोडून दे. मी तिथेच होतो, त्यांच्या टीव्हीचा रिमोट नीट करत. बाबांनी किती प्रेमानं समजावलं, "आत्ता नको काकू, व्याज बुडेल. मार्चपर्यंत कळ काढा." कळ काढा! जिला संडासात जाताना भिंत धरावी लागते तिला हा माणूस व्याजाची काळजी सांगत होता, आणि ठेव तर कधीच मोडलेली. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, काही असो, बाबा बँकेच्या कामात देवमाणूस आहेत. मी म्हटलं होतं, ताई. स्वतःवर थुंकावंसं वाटतं.

त्या दिवशी मी घाबरून, "पुन्हा फोन करतो, कुठे जाऊ नका," म्हणून ठेवून दिला. खाली आलो तर बाबा पलंगावर मोबाइल दोन्ही हातांत धरून बसले होते, प्रसादाचा द्रोण धरतात तसे. मला म्हणाले, "काय बघतोस? कामं नाहीत का?" मी म्हटलं, नाही.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं, की मी होतो. पण ताई, मी होतो म्हटलं की काय झालं असतं? आधी मला झापड, मग मी काही बोललोच नाही असं तोंड, आणि काकूंना "मार्चपर्यंत" च्या जागी "दसऱ्यापर्यंत". मला ते कधीच काही सांगणार नाहीत. घोरपड्यांना सांगतात. म्हणून मी घोरपडे चालू ठेवला.

मग रोज संध्याकाळी फोन. बाबा बाल्कनीत, मी गच्चीवर. मध्ये एक मजला. ते उभं राहून बोलायचे, वरून मला त्यांचं टक्कल दिसायचं. काय काय ऐकलं सांगू? आधी कायदा शिकवला मला. "साहेब, तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर ठेव ठेवली की पैसा बँकेचा होतो. ग्राहक म्हणजे बँकेला उधार देणारा. मग मी अहिल्याबाईंचा पैसा घेतलाच कुठे? आणि बँकेचं म्हणाल, तर तो बँकेचा आणि माझा हिशोब, भरून टाकला की मिटलं. फौजदारी कशी होईल?" म्हणजे पाकीटमारानं म्हणायचं, पाकीट माझ्याकडे आहे पण मी मारलंय तुमच्या खिशाचं, तुमचं नाही. ह्यासाठी लोक एम.कॉम. करतात! मी बारावी नापास झालो ते देवाची कृपा.

पण मला धड उत्तर देता येईना. म्हणून दुसऱ्या दिवशी गाझियाबाद कोर्टाच्या कचेरीत गेलो. तिथे पत्र्याखाली टेबलं लावून वकील बसतात, एकाला चहा पाजला आणि म्हटलं, मित्राच्या बापाची गोष्ट आहे. त्यानं बिस्किट बुडवता बुडवता सांगितलं, "नौकर मालिक का माल दबाए तो सात साल. बैंकर दबाए तो उम्रकैद तक. कानून ने बैंकर का खाना ही अलग रखा है, क्योंकि लोग उस पर आँख मूँदकर भरोसा करते हैं." मी विचारलं, पैसे भरून टाकले तर? म्हणाला, गुन्हा धुतला जात नाही, पण पकडलं जायच्या आधी स्वतः जाऊन कबूल केलं, पैसे परत केले, तर जज बघतो, सजा हलकी होऊ शकते. आणि ज्या बाईचा पैसा आहे तिचं काय? तर म्हणाला, बँकेला द्यावाच लागेल, पण बँक आधी सही दाखवेल, की माताजी, ही तुमचीच आहे ना? मग ती बिचारी वर्षानुवर्षं भांडत बसेल. मॅनेजरनं लिहून दिलं की मी कोऱ्या कागदावर सही घेतली, तरच तिचं काम पटकन होईल. म्हणजे काकूंचे गुडघे बाबांच्या एका कागदावर उभे आहेत. जाता जाता मी विचारलं, और अगर कोई झूठा अफसर बनके फोन करे तो? त्यानं बिस्किट थांबवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. "वो भी अंदर. तू कौन से दोस्त की बात कर रहा है?" मी पळालो.

संध्याकाळी घोरपडे साहेबांनी हे सगळं बाबांना ऐकवलं, उम्रकैदसकट. बाबा खाली बसले. बाल्कनीत, कुंडीच्या शेजारी, फरशीवर. मग म्हणाले, "साहेब, काही बघता येईल का? आपल्यातलं आपल्यात. मी भेटायला येतो, रिकाम्या हाताने नाही येणार." त्यावरच थांबले नाहीत. "नाहीतर असं बघा, माझ्या शाखेत अशोक म्हणून क्लार्क आहे. नोंद त्याच्या लॉगिननं झालेली. मी फक्त मंजूर केलं असं म्हणता येतं." अशोक, ताई, अशोक! ज्याच्या मुलीच्या बारशाला आपण गेलो होतो, ज्याच्या बाळंतिणीला आईनं डिंकाचे लाडू नेले होते. बाबा म्हणतील तिथे बटण दाबणारा साधा माणूस. त्याला उम्रकैदेच्या खान्यात ढकलायला निघाला होता आपला बाप, कुंडीशेजारी बसून.

मी ओरडलो. ग्लास बाजूला ठेवून ओरडलो, माझ्या स्वतःच्या आवाजात. "लाज वाटत नाही?" म्हटलं. "चोरी पण धड स्वतःच्या नावावर करवत नाही तुम्हाला?" गच्चीवरून तो आवाज फोनमधून पण गेला असेल आणि हवेतून पण. मला वाटलं, आता वर बघतात. संपलं. पण त्यांनी वर नाही बघितलं. कान धरल्यासारखं मान खाली घालून म्हणाले, "चुकलं साहेब. पुन्हा नाव नाही घेणार."

आयुष्यभर मी ह्या वाक्याची वाट बघत होतो, आणि आलं तेव्हा साहेबाच्या नावावर आलं.

त्यानंतर मला त्यांची मजा घ्यायला जमेना. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, घरी कोण कोण. म्हणाले, मिसेस, मुलगी पुण्यात असते, हुशार आहे. थांबले. मी म्हटलं, बस? तर, "एक मुलगा आहे. मोबाइलच्या दुकानात असतो. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही." हे ऐकून मी फोन कट करणार होतो. पण पुढे म्हणाले, "साहेब, एक विनंती आहे. पोलीस आणा, पेपरात येऊ दे, पण आधी त्याला कळू देऊ नका. त्याला मी खूप बोललोय. त्याच्यासमोर मला मान वर करता येणार नाही." मी म्हटलं, बघू. माझा आवाज ग्लास न लावता पण जाड आला.

मग घोरपडे साहेबांनी हुकूम सोडले. बायकोला खरं सांगा. संक्रांत होऊ दे, नंतर बँकेच्या झोनल ऑफिसात स्वतः जाऊन सगळं लिहून द्या, कोऱ्या सह्यांसकट. अशोकचा दोष नाही हेही लिहा. आणि पैसा जिथे अडकलाय तिथून सोडवून भरा. नाही गेलात तर मी येतो. बाबा म्हणाले, तुम्ही भेटाल का एकदा? माझ्यातला जुना थापाड्या धन्नू जागा झाला. म्हटलं, संक्रांतीला मी पण काला अंबला असतो. ओळख देणार नाही. पण तुमच्याकडे बघत असेन.

त्या दिवशीची बस बघायला हवी होतीस. धुकं एवढं की वाटेतले मुरथलचे ढाबे पण दिसले नाहीत. बाबा माइक घेऊन उभे राहिले आणि सरदारांची नावं घेताना घोरपड्यांपाशी अडकले. दोनदा अडकले. लोकांना वाटलं, थंडीनं. काला अंबपाशी महाराष्ट्रातून आलेली खूप माणसं होती, फेटे, झेंडे, घोषणा. आणि आपला बाप प्रत्येक मिशीवाल्या माणसासमोर जाऊन तिळगूळ पुढे करत होता, हात जोडत होता, आणि त्याच्या डोळ्यांत बघत होता, की तुम्हीच का? कोल्हापूरचा एक जाडा माणूस नुसता हसून म्हणाला, "गोड बोला हं," तर बाबांना वाटलं हेच साहेब, आणि त्याच्या पाया पडायला वाकले. तो बिचारा दचकून मागे सरला. मी कट्ट्यावर बसून बघत होतो. पोट धरून हसायची गोष्ट आहे ना? मी मोंटीला फोन लावला सांगायला, आणि सांगितलंच नाही. शेवटी डब्यात एकच तिळाचा लाडू उरला तो त्यांनी माझ्या हातावर ठेवला. काही बोलले नाहीत. गोड पण नाही, कडू पण नाही.

आईला त्यांनी परवा सांगितलं. मी भिंतीपलीकडे होतो. आईनं काकूंचा वड्यांचा रिकामा डबा होता तो घासायला घेतला आणि घासतच राहिली, इतका की मी जाऊन नळ बंद केला. मला तिनं काही सांगितलं नाही, मी काही विचारलं नाही. आपल्या घरात सध्या सगळ्यांना सगळं माहितेय आणि सगळे एकमेकांना चहा विचारतायत.

उद्या बाबा झोनल ऑफिसला जाणार. आज शर्टाला इस्त्री करताना मला म्हणाले, "सुधन्वा, उद्या सकाळी मला दिल्लीला सोडशील का बाइकवर? मेट्रोनं नको वाटतंय." पूर्ण नाव घेतलं. कशासाठी ते नाही सांगितलं. मी म्हटलं, सोडतो, हेल्मेट मोंटीकडून आणतो. मग बाल्कनीत जाऊन त्यांनी घोरपड्यांना फोन लावला. माझ्या खिशात तो थरथरला, मी समोरच्या खोलीत बसलो होतो. उचलला नाही. आता साहेबाची गरज नाही त्यांना. आणि असली तर मी आहे ना बाइकवर.

आता हे पत्र कशासाठी, ते. पैसा कुठे गेला हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, तुला सांगायला मी घाबरत होतो. तुझ्या बाणेरच्या फ्लॅटचा पहिला हप्ता, ताई. बाबांनी तुला म्हटलं ना, पीएफमधून काढले? नाही काढले. ते काकूंचे गुडघे आहेत. बाबा म्हणाले, "मुलीला काही माहीत नाही साहेब," आणि घोरपडे साहेबांनी त्यावर विश्वास ठेवला. धन्नू पण ठेवतो, तुला विचारणार नाही. पण तू तो फ्लॅट सोड. बिल्डर थोडं कापून घेईल, कापू दे. बँकेचं पत्र तुझ्याकडे यायच्या आधी, तू स्वतः भर, आपल्या बापासारखी मार्चची वाट बघू नकोस. जमलं तर घरी ये, आईला कुणीतरी हवंय. आणि हे पत्र वाचून जाळ, फाड, गिळ, काय वाटेल ते कर, पण कुणाला सांगू नकोस. मी आत जाईन म्हणून नाही, गेलो तर गेलो, मोंटी डबा आणेल. पण वकील, बँक, जिजाजी, आई, कुणालाच कळू देऊ नकोस की वडूजचे घोरपडे कोण होते. त्यांनी एकच गोष्ट मागितली होती, की मुलाला कळू नये. मी मनात हो म्हटलंय. उद्या ते माझ्या मागे बसणार आहेत, खांद्यावर हात ठेवून. पाया पडतो ताई, त्यांना शेवटपर्यंत असंच वाटू दे की पुढे बसलेल्याला काही माहीत नाही.

कुणाला म्हणजे कुणालाच नाही हं,
तुझाच,
धन्नू